नऊ इंचांत एक फेरा

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. सासऱ्यांच्या मागे त्यांची शिकारीची रायफल माझ्या नावावर झाली, म्हणून मीही खडकीत ठाण्याच्या बाकावर बसलो होतो. "ही एकदाची विकून टाका," असं बायकोनं निघताना पुन्हा बजावलं होतं.

शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांच्याही मांडीवर माझ्यासारखीच रायफलची लांब खोळ. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, रायफलचं विचारलं. मी परवान्यावरचा आकडा वाचून दाखवला.

"टू सेव्हन्टी-फाइव्ह? म्हणजे गोळी बारीक आणि लांब. नळीला आतून पीळ असतो, गोळी त्यातून फिरत निघते. तुमच्या नळीत नऊ इंचांत एक फेरा. माझी थर्टी-ओ-सिक्स, तिच्यात दहा इंचांत एक."

मी मान हलवली.

"मान हलवू नका, कळलं का सांगा." त्यांनी रुमाल काढून करकचून पिळला. "लांब गोळीला पीळ घट्ट लागतो, नाहीतर ती हवेत भेलकांडते."

"मग दोन्हींत चांगली कुठली?"

"काय मारायचंय त्यावर आहे."

"तुम्ही काय मारलंत?"

"अहो, शिकारबंदी आली तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांची आहे ही. निवडणुकीपुरती बाहेर पडते."

"मग एवढं सगळं शिकलात कशाला?"

त्यांनी पिळलेला रुमाल उलगडून त्याची घडी घातली. "घरात आहे ना," म्हणाले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "विकायचं काय ठरलं?"

"तिची गोळी लांब आहे," मी म्हणालो. "पीळ घट्ट लागतो."