मोहाचा खुंट

धानोऱ्याजवळच्या शाळेत जाताना दर उन्हाळ्यात एक बाई मला दिसे. पदर खोचलेला, हातात खराटा. बोलायची थोडं, पण ठासून. तिचं मोहाचं झाड दिरानं वाटणीच्या भांडणात तोडलं होतं. तरी मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत ती त्या खुंटाभोवतीची जमीन लख्ख झाडून ठेवी. मला ते बघवत नसे.

यंदा ती शेजारच्या, दिराच्या मोहाखाली झाडत होती.

"इथं कशा, बाई?"

"त्याची कंबर गेली. वाकता येत नाई. फुलं मातीत जातीन."

"आणि तुमची जागा?"

"लय वर्सं झाडली, गुरुजी. एक फूल नाई पडलं." तिनं दोन पावलं येऊन पदरानं आपला खुंट पुसला. "बसा. बसाले चांगला हाय."