फोंडा घाटातला उशिराचा 'व्हय'

देव, राखणदार, भुतंखेतं... यातलं काहीही मी मानत नव्हतो. भंगाराच्या धंद्यात उभं आयुष्य गेलं. समोरचा सांगेल त्यातल्या निम्म्यावर माझा विश्वास, आणि तोही माल हाताळून बघितल्यावर. खालचं वाचून 'म्हाताऱ्याला भास झाला असेल' असं ज्यांना वाटेल, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. तिथे मी होतो, तुम्ही नव्हता.

परवा नातवाने मोबाईलवर कॅम्परव्हॅन दाखवली. "आजोबा, गाडीतच घर! नवरा-बायको डोंगरात हिंडतात, कडे उतरतात." म्हटलं, बाळा, हे सगळं तुझ्या आजीने आणि मी बासष्ट सालाच्या सुमारास केलंय.

लष्कराच्या लिलावातली जुनी अँब्युलन्स होती ती. लिलावात ती कशी पाडून घेतली ते सांगत बसलो तर तुमचं हे सदर पुरणार नाही. आत फळ्यांचा पलंग, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि खिडक्यांना सुमतीने शिवलेले पडदे. सुमती म्हणजे माझी बायको. तोंडवलीची, खाडीत पोहून वाढलेली. मुंबईत डोंगर चढणाऱ्या एका मंडळाबरोबर आम्ही रविवारी जायचो, तिथे ती दोरावरून कडा उतरायला शिकली... नऊवारीचा काष्टा मारून! कॉलेजची पोरं बघत राहायची. मी खाली उभा राहून ओळख असो-नसो, प्रत्येकाला सांगायचो, "ती माझी मिसेस."

गाडी मात्र मी हौसेसाठी घेतली नव्हती. तिच्यामागे एक सल आहे, तो आधी सांगतो.

आमचं घर मसुऱ्याला. जिल्हा तेव्हा रत्नागिरी. मुंबईहून गावी यायचं ते बोटीने, आणि पावसाळ्यात बोट बंद. माझे वडील, तात्या, गेले ते ऐन पावसात. तार मिळाली, पण मी पोचेपर्यंत तेरावं उरकलं होतं. थोरला भाऊ आबा अंगणातच म्हणाला, "तात्या तुझ्यार रुसान गेले. जमीन सोडून मोडक्या पत्र्यांचो धंदो करतंस, बायलेक दोरयेक टांगतंस... तुझा नावसुद्धा घेवक नाय तेनी." त्या वर्षीपासून चतुर्थीच्या गाऱ्हाण्यात त्याने माझं आणि सुमतीचं नाव घेणं सोडलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुठल्याही शुभकार्यात घरचा मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. घरातल्यांची नावं घेऊन देवाकडे मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तात्यांना दमा होता. सगळ्यांचं म्हणून झालं की ते श्वास घ्यायचे आणि मग एकटेच, मागाहून, "व्हय... म्हाराजा" म्हणायचे. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. तर अशा गाऱ्हाण्यातून आबाने मला काढलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथे. बोटीची वाटच बघायला नको, अशी गाडी घ्यायची ठरवलं. आबाने पत्र पाठवलं, "तो पत्र्याचो डबो घाट उतरूचो नाय."

आलो की नाही बघा! चतुर्थीला दोन दिवस होते. कोल्हापूरवरून निघालो आणि सकाळी फोंडा घाटाच्या माथ्यावर पोचलो. तिथे दरीच्या कडेला एक मोकळी जागा होती आणि झाडाखाली राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड. येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून मगच घाट उतरायचा. सुमतीने नारळ काढला. मी तिच्या हातातून घेतला आणि दगडाला मोठ्याने सांगितलं, "आधी गाडी सुखरूप खाली उतरव. मग नारळ."

"अवो, राखण्याबरोबर कोण घासाघीस करता?" सुमती म्हणाली.

"काम आधी, मोबदला नंतर. कोणालाही विचार."

आजही मला त्या बोलीत काही गैर वाटत नाही.

पाऊस थांबला होता. समोर धबधबे, खाली हिरवंगार कोकण. कड्यापासून घराच्या उंचीइतका खाली एक रुंद टप्पा होता आणि त्यावर रानफुलांचा गालिचा. सुमतीला राहवेना. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी टांगतात, तिला तीच फुलं हवीत म्हणाली. दोर काढला.

"झाडाक बांदा," ती म्हणाली.

"झाड कोणाचा? गाडी माझी. लष्कराचा हूक आसा, हत्ती बांधलंस तरी निघूचो नाय."

"गाडयेचो एवढो गर्व बरो नाय हा." पण हसत हसत काष्टा खोचून ती गेली कड्यावरून... सरसर, पाल उतरते तशी. तिला तसं उतरताना बघून माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

गाडीचं तोंड रस्त्याकडे, पाठ दरीकडे. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. सुमतीने खालून ओच्यात फुलं भरल्याची हाक दिली आणि वर यायला दोर धरला. एवढ्यात दरीतून धुकं चढलं. हाताचा पंजा दिसेना. आणि गाडी करकरली.

चाकं फिरत नव्हती. ओल्या मातीवरून अख्खी गाडी चाकांखालच्या दगडांसकट मागे घसरत होती. मी धावत मागे गेलो आणि खांदा लावला. पाय चिखलात रुतून मागेमागे जात होते. कडा हाताच्या अंतरावर, आणि त्याच्या बरोबर खाली सुमती दोराला लटकलेली. ओरडायला तोंड उघडलं, पण खांद्याच्या जोरात श्वासच उरला नव्हता.

दोर ढिला पडल्याचं तिला कळलं असणार. ती किंचाळली नाही. धुक्यातून तिचा आवाज आला... खणखणीत. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! तात्यांचो लेक वसंत आणि सून सुमती तुझ्या दारात उभी आसत. जा काय वाकडा बोलला असात ता पदरात घी, आणि तेंका सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वरच्या उतारावरून आला तो आवाज. पंधरा-वीस पुरुषांचा, चतुर्थीला घर भरलं की येतो तसा. आणि माझ्या दोन्ही बाजूंनी गाडीला जोर लागला. खांद्याला खांदे लागावेत तसा. शेजारी कोणी दिसलं नाही, पण गाडी थांबली. मग चढाकडे सरकली. हातभर सरकून उभी राहिली.

सगळं शांत झालं. आणि मग माझ्या अगदी पाठीमागे कोणीतरी दमल्यासारखा श्वास घेतला.

"व्हय... म्हाराजा."

एकट्याचा आवाज. उशिराचा.

मी दोर झाडाला बांधला. सुमती वर आली, कपाळ खरचटलेलं, ओच्यातली फुलं तशीच. आजूबाजूला बघत म्हणाली, "एवढी माणसा खंयसून जमवलात? गेली खंय?" धुकं विरलं होतं. चिखलात चाकांची खूण खाली गेलेली आणि पुन्हा वर आलेली स्पष्ट होती. पावलांचे ठसे फक्त माझे.

फोंड्याच्या चहावाल्याला खोदून खोदून विचारलं. रस्त्याचं काम बंद होतं, सकाळपासून वर कोणी गेलं नव्हतं. पुढे एका इंजिनीयर मित्राने 'इको' असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, इको बोललेलं परत देतो. सुमती 'व्हय म्हाराजा' म्हणालीच नव्हती. मग त्याने विषय बदलला.

दुपारी गाडी मसुऱ्याच्या अंगणात भोंगा वाजवत उभी केली. अख्खी वाडी बघायला जमली. आबा गाडीभोवती फिरला, पत्र्यावर टिचकी मारली. "उतरलो म्हणायचो डबो." मी काही बोलायच्या आत सुमतीने फुलं ओसरीवर ठेवत घडलेलं सांगून टाकलं... गाऱ्हाणं, माणसं, सगळं. त्या शेवटच्या आवाजाचं सोडून. तो तिने खाली ऐकलाच नव्हता, आणि मीही कोणाकडे बोललो नव्हतो.

आबाने फुलं उचलून माटवीखाली नेऊन ठेवली. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वसंता... सगळ्यांच्या मागसून कोण म्हणालो रे?"

"एकटोच कोणीतरी. आधी श्वास घेतल्यान," मी म्हटलं. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तुझा नाव शेवटी घेतला होता तेनी. मीच सांगूक नाय."

चतुर्थीला त्याने गाऱ्हाणं घातलं, त्यात पहिली नावं आमची. सुमतीचं तर इतक्या मोठ्याने, की शेजारच्या वाडीत ऐकू जावं.

परतताना घाटात थांबलो. राखणदाराचा ठरलेला नारळ ठेवला. मग पिशवीतून दुसरा काढला आणि त्या उशिराच्या 'व्हय'साठी त्याच्या शेजारी ठेवला. ठरल्यापेक्षा जास्त मी आयुष्यात तेवढ्या एकदाच दिलं.

काय होतं ते... आजही सांगता येत नाही. इंजिनीयरलाही नाही.