सनदेची मागची बाजू

टिपणीसकाकांच्या हातात कोणताही कागद दिला की ते आधी तो उलटा करत. लग्नाची पत्रिका, हॉटेलातलं मेन्यूकार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, काहीही असो. मी एमएससाठी अमरावतीहून अमेरिकेत आले त्या वर्षी नेपरव्हिलमधल्या त्यांच्या घरी आरतीला गेले होते. माझ्या पर्समध्ये बाबांचं एक जुनं पत्रक असतं, ते त्यांना दाखवलं. बाबा आयुष्यभर पत्रकं छापत आणि सायकलवरून वाटत आले. आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. काकांनी ते उलटं केलं. मागे आईने पेन्सिलीने किराणा लिहिला होता.

"पुढे क्रांती, मागे गूळ आणि शेंगदाणे," काका खूश होऊन म्हणाले. "खरा कागद आहे गं हा! रविवारी ये, माझे दाखवतो."

त्यांचे कागद म्हणजे जमिनीच्या सनदा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी गोरी वस्ती या भागात सरकत आली, तेव्हा अमेरिकन सरकारने ज्यांना जमीन दिली त्यांना असा जाड कागद मिळे. वर राष्ट्राध्यक्षांचं नाव, खाली शिक्का. कंपनीतून रिटायर झाल्यावर काका बर्फातून तासन्‌तास ड्राइव्ह करून जुन्या घरांतल्या सामानाच्या विक्रीला जात आणि ट्रंकांच्या तळातून हे कागद शोधून आणत. काकू म्हणायच्या, "ह्यांचं स्वतःचं सातबारावर नाव नाही, आणि दुसऱ्यांच्या सनदा सांभाळतायत."

दोन वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे सनदा वाचायला जात होते. ती वळणदार जुनी इंग्रजी अक्षरं मला त्यांनीच लावायला शिकवली. फोन बाहेरच्या खोलीत ठेवावा लागे. "फोटो काढलास की वाचायचं राहून जातं. हाताने उतरव." दुसरा नियम गोंदाचा. सनद कशालाही चिकटवायची नाही. "कागदाला गोंद लावणं म्हणजे माणसाच्या तोंडावर हात ठेवणं. अगं, पुढची बाजू सरकारची असते. माणसं मागे बोलतात." आणि खरंच, मागे विहीर कुठे खणली ते असे, मेलेल्या मुलाचं नाव असे.

ती सनद सापडली गेल्या हिवाळ्यात. जमीन दिली होती एका पोटावाटोमी बाईला, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपैकी एकीला. तिने ती पुढे एका गोऱ्या कुटुंबाला विकली, असं गावाच्या इतिहासात लिहिलेलं आहे. काकांनी कागद उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला. मागे तिने सांगितलेल्या, कुणा दुभाष्याने लिहून घेतलेल्या चार ओळी होत्या. मी ही जमीन विकलेली नाही. विक्रीच्या कागदावरची खूण माझी नाही. मी अजून इथेच राहते. खाली तिची खूण होती, एक फुली, तिचा एक पाय लांब, खाली ओढत नेलेला. विक्रीच्या कागदाची प्रत काकांकडे होती. त्यावरची फुली चारही बाजूंनी सारखी होती.

मी वहीत ते सगळं उतरवलं, दोन्ही फुल्यांसकट. काका म्हणाले, "हिचे कोणी वारस असतील तर शोध. त्यांना बोलाव. ही बाजू त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितली पाहिजे. माझा शब्द आहे."

तीन महिने पत्रं लिहून मी मार्गारेटला शोधलं. त्या बाईच्या वंशातली, विस्कॉन्सिनमधली निवृत्त नर्स. इतक्यात गावाच्या इतिहास मंडळाने काकांच्या सनदांचं प्रदर्शन ठरवलं. मी मार्गारेटला कळवलं, त्याच दिवशी या.

ती चार तास गाडी चालवत आली. सनद मधोमध होती, उत्तम फ्रेममध्ये. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, संग्राहक माधव टिपणीस. मार्गारेटने काचेवर तळवा ठेवला आणि विचारलं, "मागची बाजू बघू शकते?"

काका हसले, ऑफिसात हसावं तसं. "सॉरी. ती बोर्डवर पेस्ट केली आहे."

मी त्यांना ओढतच कॉरिडॉरमध्ये नेलं. "काका, गोंद लावलात?"

"कागद वाकत होता. फ्रेममध्ये बरा दिसेना."

"खोटं बोलू नका. मंडळाची अध्यक्षबाई जमीन घेणाऱ्या त्याच गोऱ्या कुटुंबातली आहे ना?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "चाळीस वर्षं मी इथे 'टिप' आहे. ऑफिसात टिप, शेजारी टिप. आज पहिल्यांदा त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलंय. तुला नाही कळणार."

"आणि तिचं नाव?"

"तुझ्या वडिलांनी जन्मभर पत्रकं वाटली. काय बदललं गं? उगाच तोंड उघडू नकोस माझ्यासमोर."

हे वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही. बाबांचं पत्रक उलटून पाहणारा, गूळ वाचून हसणारा माणूस हे बोलला. मी मार्गारेटला त्याच्या शब्दावर बोलावलं होतं, म्हणजे माझाही शब्द खोटा पाडून माझ्या तोंडाला त्याने गोंद लावला होता.

बाहेर पार्किंगमध्ये मार्गारेट गाडीत बसून होती. तिने काच खाली केली. "तू पाहिलं होतंस?"

"हो."

"खूण कशी होती?"

मी वही उघडून दाखवली. तिने त्या लांब पायावरून बोट फिरवलं, दोनदा. मी पान फाडून तिला दिलं. त्याआधी मात्र त्याची नक्कल केली, हातानेच.

त्या नकलेचं मी पत्रक केलं. चार ओळी, दोन्ही फुल्या शेजारी शेजारी, खाली माझं नाव. दोनशे प्रती काढल्या. गावाच्या लायब्ररीबाहेर उभी राहून वाटल्या. पण पहिली प्रत काकांसाठी ठेवली होती. मजकूर एकाच बाजूला छापला होता, दुसरी बाजू कोरी. ती कोरी बाजू वर ठेवून मी त्यांच्या घरी गेले.

काकूंनी दार उघडलं. "आलीस? किती दिवसांनी! थांब, पोहे टाकते."

काका खिडकीशी बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी कोऱ्या बाजूकडे पाहिलं. सवयीने अंगठा कोपऱ्यापाशी गेला. कोपरा थोडा उचललाही गेला. मग अंगठा थांबला. त्यांनी कागद तसाच टेबलावर ठेवला, त्यावर चष्म्याची डबी ठेवली आणि म्हणाले, "पोहे खाऊन जा."

मी न खाताच निघाले. दारातून वळून पाहिलं. ते बाहेरच्या बर्फाकडे बघत होते. कागद डबीखाली तसाच होता, कोरी बाजू वर.