दारातली वीट

तुरजाकाकी कुणाच्याही घरी बाळंतिणीला शेक द्यायला गेली, की आधी वीट मागायची. दार जरासं उघडं ठेवून त्या फटीत वीट उभी करायची आणि मगच बाजेखाली गोरसी सरकवायची. गोरसी म्हणजे आमच्याकडची मातीची शेगडी. हिवाळ्यात तिच्यावाचून पान हलत नाही. फटीतून गारठा आत यायचा आणि घरातल्या म्हाताऱ्या चरफडायच्या. विस्तवाला ती इस्तो म्हणायची. काकीचं उत्तर ठरलेलं असे. "इस्तोबी दम घेते, बाई. त्याले दम नाही भेटला, त तो तुहा घेते."

आमगावजवळच्या या गावात मी सून म्हणून आले तेव्हा मोबाईलचा टॉवर नुकता उभा राहत होता आणि काकी साठीला आली होती. आमच्या समोरच राहायची. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. मला मुलगा झाला तेव्हा मला न्याहाळून म्हणाली, "काडीपैलवान हायेस. पोरगं कसं निघालं तुह्यातून?" मला राग आला होता. तिच्या हाताखाली पाठ सैल पडली तेव्हा तो विसरले.

माझी बाज नव्या खोलीत टाकली होती. बाकी घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, ही एकच खोली स्लॅबची. सासूबाईंना तिचा भारी अभिमान. अशा खोलीच्या दारात वीट म्हणजे त्यांना अपमान वाटे. "हिच्या विटेपायी माह्या नातवाले सर्दी होईन," त्या पुटपुटायच्या.

बाळ अकरा दिवसांचं होतं. भर दुपारी आभाळ काळं झालं आणि बोराएवढ्या गारा पडू लागल्या. बघता बघता तांदळाचं पोतं फुटावं तसं अंगण पांढरं झालं. काकी शेक देऊन नुकतीच घरी गेली होती. सासूबाईंनी वीट काढली, कडी घातली, खिडकीच्या फटीत बारदाना कोंबला आणि गोरसीत आणखी लाकडं टाकली. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी बारावी सायन्स. कोंडलेल्या खोलीत विस्तव काय करतो हे पेपरात लिहून मार्क मिळवलेली. पण ऊब लागली की शिकलेलं कुठे आठवतं?

हळूहळू डोकं जड झालं. बाळाला पाजायला घेतलं, तर ते तोंडच लावेना. सासूबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या. मला उठायचं होतं, पण पाय ऐकेनात.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडल्या. "दार काऊन लावलं? वयनी, उघड."

"गारा पडून राहिल्या. मंग ये," सासूबाई कशाबशा बोलल्या.

"मी मंग येईन. पोरगं मंग राहीन का?"

सासूबाईंनी धडपडत कडी काढली. डोक्यावर घमेलं धरून काकी आत शिरली. तिने पेटती गोरसी उघड्या हातांनी उचलून अंगणात गारांवर टाकली, मग बाळाला घेऊन ओसरीत गेली आणि त्याचं गुंडाळलेलं कापड सोडलं. बाळाने मान टाकली होती.

"मारतेस का माह्या नातवाले?" सासूबाई तिचा हात ओढू लागल्या. काकी बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारत राहिली. मी उंबऱ्यापर्यंत रांगत गेले. किती वेळ गेला माहीत नाही; तेवढ्या वेळात मी एकही देव सोडला नाही. मग बाळ रडलं.

काकीच्या तळव्यांची सालं निघाली होती. मी खोबरेल लावत होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माहा मालक रेल्वेच्या फाटकावर होता. क्वार्टर पक्कं होतं. असीच थंडी होती. माही पोरगी निजली होती त्या खोलीचं दार मीच लावलं होतं." सासूबाईंनी ऐकलं आणि त्या उठून आत गेल्या.

काकीपाशी त्यांनी कधी चूक कबूल केली नाही, की आभार मानले नाहीत. मला त्याचा अनेक वर्षं राग होता.

मुलगा सातवीत असताना काकी अंथरुणाला खिळली. सासूबाई रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन बसायच्या. एकदा मी पेज घेऊन गेले. पौषाची थंडी होती. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितल्यामुळे खोलीत गोरसी नव्हती. दारात मात्र वीट होती आणि सासूबाई गोधडीत कुडकुडत होत्या.

"दार लाव वो वयनी," काकी क्षीण आवाजात म्हणाली. "इस्तो नाही न काही नाही. कायले थंडीत मरतेस?"

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि कलंडलेली वीट त्यांनी हाताने नीट उभी केली.