व्याजावरचा कर

खडकीच्या क्वार्टर्समध्ये जुलै महिना लागला की माझ्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मी कारखान्याच्या पगार विभागात कारकून. रिटर्न भरायला सीएकडे कोण कशाला जाईल, मी फुकट होतो ना! "साहेब, बोनसवर टॅक्स हाय का?" आहे. "ग्रॅच्युइटीवर?" आपल्याला नाही, सरकारी नोकर आपण. "सासऱ्यानं पैसे दिले, त्यावर?" नाही, आणि असा सासरा जपा. कोणतं उत्पन्न करपात्र आणि कोणतं नाही, हे मला झोपेतून उठवून विचारावं.

आमची एकुलती एक मुलगी कर्वेनगरच्या कॉलेजात शिकवायची. तिथून दुचाकीवर परतताना डंपरखाली गेली. पंचविशीसुद्धा पुरी झाली नव्हती हो. मी भरपाईचा दावा लावला. दुसऱ्याच वर्षी लोकअदालतीत विमा कंपनी तडजोडीला तयार झाली. रक्कम बरी होती. बायको म्हणाली, "अहो, घ्या आणि मिटवून टाका. दर तारखेला ही माणसं तिला पुन्हा गाडीखाली घालतात. मला नाही ऐकवत."

पण त्याआधी कंपनीचा वकील बोलून गेला होता, की मुलगी आज ना उद्या परक्या घरी जाणारच होती, आईबापांचं असं किती नुकसान? माझं टाळकंच सडकलं. तडजोड धुडकावली. इथवर मला कुणी नावं ठेवू नयेत.

पुढच्या गोष्टीसाठी मात्र खुशाल ठेवावीत. राग वर्षभरात निवला आणि आतला कारकून जागा झाला. पुढची तारीख पडली की आमचे वकील ओशाळायचे, तर मीच त्यांना म्हणायचो, "चालू द्या हो, व्याज चढतंय." बायको शेजारीच बसलेली असायची. नंतरच्या दोन तडजोडी मी अशाच परतवल्या. हळूहळू तिनं कोर्टात यायचं सोडलं, मग देवळात जायचं, मग शेजारपाजारही. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला ते दिसत होतं. मी पुढची तारीख डायरीत लिहीत होतो.

निकाल अकराव्या वर्षी लागला. पैसे आले ते व्याजावरचा कर कापूनच. मी भडकलो. भरपाईला हात लावला नव्हता, पण व्याज म्हणे उत्पन्न! आयकर खात्याला दोन पानी अर्ज खरडला आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. ती वाल सोलत होती.

"भरपाईवर कर का नाही?" तिनं विचारलं.

"आपली लेक गेली त्याबद्दल आहे ते. ती कमाई नव्हे."

"आणि व्याज कशाचं?"

"उशिराचं."

"उशीर कुणी केला?"

मी अर्जाची पानं जुळवू लागलो.

"मग बरोबरच कापलाय. भरपाई तिची. व्याज तुमची कमाई." आवाज जरासुद्धा चढला नाही तिचा.

मी अर्ज फाडला. व्याजाची सगळी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली, सही केली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "भरला फॉर्म."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "माझी अकरा वर्षं परत मागायचा फॉर्म कुठे मिळतो, तेही बघा."