आभारातली मदतनीस

सातारच्या सभागृहात सरांचा सत्कार होता. मी स्टेजच्या कडेला हारांचं ताट धरून उभी. पडद्यावर सरांचा नवा पेपर झळकला. परदेशी जर्नलमधला, मेंढपाळांच्या तापावरचा. पहिलं नाव सरांचं. दुसरं त्यांच्या मुलाचं. तो पुण्यात शिकतो. आटपाडीला त्यानं कधी पाऊल टाकलेलं नाही. मी माझं नाव शोधत राहिले. अगदी शेवटी, बारीक अक्षरात एक ओळ होती. रक्ताचे नमुने जमवणाऱ्या स्थानिक मदतनीसाचे आभार.

मदतनीस म्हणजे मी. नाव नाही.

सर हळूच म्हणाले, "अगं, हार दे."

मी दिला.

मी आटपाडीकडची. मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्याकडं माणसाला ताप येतो, जातो, परत येतो. सांधे धरतात. डॉक्टर हिवताप म्हणून गोळ्या देतात. हा ताप मेंढरांकडनं येत असणार, हे डोक्यात घेऊन मी सरांकडं पीएचडीला आले. विषय माझा होता. सर म्हणाले होते, "काम तुझं. पहिलं नाव तुझंच." वडलांनंतर एवढा विश्वास मी कुणावर टाकला नव्हता.

लोक रक्त द्यायला तयार नव्हते. रगात नेऊन इकतात, अशी बोलवा होती. मग वडलांनी बाही वर केली. म्हणाले, "पोरगी आपली हाय. द्या." सगळ्यांनी दिलं. कागदावर अंगठे घेताना मी शब्द दिला, तपासणी झाली की ज्याचा त्याला रिपोर्ट आणून देईन. कळप हलला की मी मागं जायचे. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं साताऱ्याला यायचे. एकेक नळी मी तपासली. पेपर मी लिहिला.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. माझं नाव का नाही, एवढंच विचारलं. सरांनी मान वर केली नाही.

"मेंढरांमागं हिंडणं म्हणजे संशोधन नव्हे. तुझ्या लोकांत तुला जाता येतं, एवढाच तुझा उपयोग." मग म्हणाले, "प्रबंधावर माझी सही व्हायचीय अजून."

घरी गेले. वडलांना सगळं सांगितलं. रडत. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझं नाव न्हाई आलं. आन आमचं रिपोर्ट?"

रिपोर्ट मी कुणालाच दिले नव्हते.

सरांनी बजावलं होतं, पेपर छापून येईस्तोवर कुणाला काही सांगायचं नाही. मी ऐकलं. नावांची वही माझ्याकडंच होती. कुणाच्या रक्तात काय सापडलं, मला दीड वर्ष ठाऊक होतं. शेजारचे बिरूतात्या गुडघे धरून बसलेले असायचे. त्यांच्याकडं चहा पिऊन मी परत यायचे. सरांनी मला फसवलं. मी ह्यांना फसवलं. कशासाठी? छापील कागदावर नाव यावं म्हणून.

सकाळी वही घेऊन बाहेर पडले. आधी तात्यांकडं. सांगितलं. औषध आहे, तेही सांगितलं.

"तवाच सांगायचं व्हतं की गं."

त्यांनी मला माफ केलेलं नाही. करूही नये.

मग मी दारोदार गेले. ज्यांना लागण होती त्या सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर जर्नलला आणि कॉलेजला पत्र लिहिलं. पेपर कुणी लिहिला ते मांडलं. रिपोर्ट का दडवले, तेही विचारलं.

आठवड्यात सरांचा फोन. आवाज मऊ.

"दुरुस्ती छापून घेतो. तुझं नाव वर. प्रबंधावर उद्या सही. ती रिपोर्टची तक्रार तेवढी मागं घे."

दीड वर्षापूर्वी मी 'हो सर' म्हटलं असतं.

"न्हाई," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता चौकशी समिती बसलीय. त्यात सरांचे दोस्त आहेत. प्रबंध पडून आहे. पीएचडी बहुतेक मिळायची नाही. सोमवारी मला बोलावलंय. मी जाणार. रिपोर्ट मीही दडवले, हे आधी सांगणार. कुणी दडवायला लावले, ते मग. माझी सुटका मागायला मी जात नाही.

आणि यापुढं ज्याचं रक्त घेईन, त्याच्या हातात रिपोर्ट पडल्याशिवाय मी एक ओळ छापणार नाही. कुणाच्याही सहीसाठी नाही.