तांब्या आणि गोळी

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. हसनाबादेत ज्याला त्याला यावर उपाय ठाऊक होता, आणि सगळे उपाय मीच करायचे होते.

आमच्या शेतात संकरित बियाण्यासाठी कपाशीचा सीड प्लॉट होता. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दुपारनंतर मादीच्या कळ्या सोलून ठेवायच्या आणि सकाळी त्यांवर नराचं फूल फिरवायचं. एक दिवस चुकला तर तेवढी फुलं वाया. वाकून वाकून कंबर कामातून जायची. नवरा दुकानातून दुखण्याची गोळी आणायचा. (तोंडावर अहो-जाहो केलं, लिहिताना जमत नाही.) जेवण झालं की पाण्याचा तांब्या आणि गोळी माझ्यासमोर ठेवायचा. हंगाम संपला तरी दुखणं राहायचं, गोळीही राहायची. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मलाही तसंच वाटायचं, वेडीला.

चौथ्या वर्षी नवीन जालन्यात डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. काय काय घेता विचारलं, मी गोळी सांगितली. मग मला बाहेर बसवून त्या नवऱ्याशी बोलल्या. बाहेर येऊन तो म्हणाला, "काई न्हाई, देवावर सोडा म्हणल्या." मी सोडलं. वर सोळा सोमवार धरले.

दोन वर्षांनी सासूबाई त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघू लागल्या, तेव्हा मी आईला घेऊन पुन्हा त्याच बाईंकडे गेले. त्यांनी जुना कागद काढला.

"ती गोळी बंद केली ना? तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं. रोज घेतली तर काही जणींचं बीज वेळेवर सुटत नाही. बंद केली की बऱ्याचदा सुटायला लागतं. तुमचं कारण तेच असेल असं नाही, पण आधी ते बघायला हवं होतं."

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "माहीत होतं तुम्हाला?"

"हंगाम तोंडावर आल्ता," तो म्हणाला. "गोळी बंद करून तू वाकली असती का? मंग प्लॉट कोण करणार व्हतं?"

केसानं गळा कापला म्हणतात, तो असा.

गोळी मी त्याच दिवशी सोडली. वर्षभरात दिवस गेले, त्यामुळे की आणखी कशामुळे, देव जाणे. मुलगी झाली. आता सगळे म्हणतात, झालं ना चांगलं, मग विसर.

कसं विसरू? त्या दोन वर्षांत सासूबाई मला वांझ म्हणायच्या, तेव्हा तो शेजारीच जेवत असायचा. एकदाही तोंड उघडलं नाही. आणि जेवण झालं की, न विसरता, तांब्या आणि गोळी माझ्यासमोर ठेवायचा.